मानाच्या स्लाईड

दर्शनानं सहा स्लाईड केल्या होत्या. सहाच. पहिलीवर भर जुलैतल्या पऱ्याचा, गावच्या ओढ्याचा, फोटो, अक्षर एक नाही. दुसरीवर त्याच पऱ्यातून दोरीला धरून छातीभर पाण्यात चालणारी माणसं. तिसरीवर दप्तर डोक्यावर घेतलेली दोन पोरं. चौथीवर एकच वाक्य, ‘पावसाचे चार महिने आमची मुलं शाळेला मुकतात.’ पाचवीवर साकव, पायी जायचा छोटा पूल, कुठं हवा ती जागा, लाल फुलीनं दाखवलेली. सहावीवर साकव झाला तर काय होईल ते, दोन ओळींत. संपलं.

लग्नाआधी ती लांज्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची, स्लाईड म्हणजे फळा नव्हे, आणि लग्नाची पत्रिका तर नव्हेच नव्हे. एका स्लाईडवर एक गोष्ट. जे तोंडानं सांगणार ते पडद्यावर लिहू नका, लोकांना वाचता येतं. पोरं ऐकायची. पोरं होती म्हणून ऐकायची. आता गाठ थोरांशी होती.

साखरकोंड हे गाव लांज्यापासून आत, आणि दर्शनाची पलीकडची वाडी त्याहून आत, पऱ्याच्या पल्याड. उन्हाळ्यात हा पऱ्या म्हणजे पाच-पन्नास दगड आणि त्यांच्यामधून वाट काढणारी बोटभर धार. कोंबडीसुद्धा पाय न भिजवता जाते. पावसाळ्यात तोच पऱ्या झाडं वाहून आणतो. दरवर्षी मृगाच्या आधी वाडीतले पुरुष पोफळीची खोडं आडवी टाकून साकव बांधतात, आणि दरवर्षी पऱ्या तो घेऊन जातो. पुन्हा बांधतात, पुन्हा जातो. या खेळाला गावात श्रमदान म्हणतात आणि त्याचे फोटो मुंबईच्या ग्रुपवर टाकतात.

दर्शनाची मुलगी सानिका गेल्या वर्षी पाचवीला लांज्याच्या हायस्कुलात गेली. एसटी पऱ्याच्या अलीकडे येते, पलीकडे नाही. म्हणून जून लागला की तिला लांज्याला मामाकडे ठेवायची आणि दसऱ्याला आणायची. दर्शनाला तिच्यासोबत राहता येत नाही. नवरा सर्वेश मुंबईला नोकरीत, घरी सासू हौसाबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला, आणि लावणी काय कोणाच्या सोयीनं थांबत नाही. ज्यांचा मामा लांज्यात नाही ती पोरं घरी बसतात. पुढं बसायची सवय होते. मग बापाच्या ओळखीनं मुंबईला.

तर मुंबईचीच एक संस्था दरवर्षी जिल्ह्यात एका गावाला पक्का साकव बांधून देत होती. यंदा शेवटच्या फेरीत तीन गावं उरली, त्यात साखरकोंड. मे महिन्यात रत्नागिरीला एका हॉलात यायचं, पडद्यावर दाखवायचं, दहा मिनिटं बोलायचं. तिघांतलं एक निवडणार.

देवळात बैठक बसली. दर्शनानं लॅपटॉप लाकडी चौरंगावर ठेवून सहाही स्लाईड दाखवल्या. मग गंगाराम गावकर खाकरले. यांना सगळे तात्या म्हणतात. गावाचे पहिले मानकरी. देवाचा पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा, होळी उभी करताना झाडाला पहिला हात त्यांचा. त्यांनी हात लावल्याशिवाय दुसऱ्या कोणी लावायचा नाही, ही रीत.

“सूनबाई, चांगलं केलंस,” तात्या म्हणाले. “पण ह्येच्यात गाव कुटं हाय?”

“हेच की गाव, तात्या. हा पऱ्या, ही माणसं.”

“ती भिजलेली माणसं व्हय. बगनारा काय म्हनंल, ह्या गावात मोठा मानूसच कोन नाय? आदी ग्रामदेवता दाखव. मग मानकरी, रीतीपरमानं. मग तुजा पऱ्या.”

“तात्यांचा फोटो जेवडा, तेवडाच आमचा,” खांबाला टेकून बसलेला धाकू म्हणाला. धाकू दुसऱ्या भावकीचा. त्यांना दुसरा मान, आणि दुसरा का, पहिला का नाही, या एका प्रश्नावर त्यांच्या तीन पिढ्या झिजल्या. “येक बोट कमी आला तर आमी रत्नागिरीला येनार नाय.”

“धाकूकाका, तिथं दहा मिनिटंच देतात.”

“मग? फोटोला काय वेळ लागतो? फोटो काय भाषन करतो?”

धाकटा दीर संदेश गावच्या मुंबई मंडळाचा चिटणीस. तो फोनवर होता, आणि फोन स्पीकर लावून गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवलेला, त्यामुळे आवाज देवाच्या बाजूनं येत होता.

“वहिनी, मंडळाचा लोगो प्रत्येक स्लाईडवर पायजे. कोपऱ्यात नको, कोपऱ्यात कोण बघतो. आणि आजी-माजी अध्यक्ष सगळे.”

“माजी किती आहेत, भावजी?”

“अकरा. दोघं वारलेत, त्यांना हार घाल.”

“हार कसा घालू?”

“नेटवर मिळतो रेडीमेड. झेंडूचा घे, गुलाबाचा त्यांना शोभत नाय.”

दर्शनानं कपाळाला हात लावला. ती पुन्हा समजावू लागली. ती माणसं आपल्याला ओळखत नाहीत, ओळखायला आलेली नाहीत, त्यांना फक्त कळायला हवं की साकव इथं का. तात्या मान डोलावत होते. कोकणातल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली म्हणजे त्यानं ऐकलं असं मुळीच नसतं. तुमचं बोलून कधी संपतंय याची तो वाट बघत असतो.

संपल्यावर तात्यांनी पाचव्या स्लाईडवर बोट ठेवलं. खरोखरच काचेवर टेकवलं, ठसा उमटला.

“ही फुली काढ.”

“का? साकव कुठं हवा ते सांगायला नको?”

“जागंचं आपन घरात बगू. भायेरच्यांना कशाला.”

सगळ्यांना ठाऊक होतं. फुली होती तिथं काठाचा मळा तात्यांचा. पऱ्या तिथंच अरुंद, दोन्ही काठांना जांभा पक्का, पोफळीचा साकव पडतो तोही तिथंच. पोफळीच्या साकवाला तात्यांची हरकत नव्हती, तो वाहून जातो. सिमेंटचा साकव म्हणजे मळ्याचा तुकडा कायमचा गेला. पण हे तात्यांना विचारणार कोण? देवळात एवढी माणसं बसली होती आणि सगळी कौलं मोजल्यासारखी वर बघत होती. शिमग्यात एकमेकांच्या आया-बहिणी काढतात, भांडणात कोयता घेऊन धावतात, आणि एक सरळ प्रश्न विचारायची वेळ आली की यांच्या जिभा टाळूला चिकटतात.

दर्शनानं फुली पुसली.

पुढच्या आठवड्यात त्या सहा स्लाईडींचं काय झालं ते बघवत नव्हतं. ग्रामदेवता आली. तात्या आले, फेटा बांधून. धाकू आला, तेवढाच. तिसरे मानकरी, चौथे मानकरी, पाटलांच्या मळ्यातली भावकी, जी पंधरा वर्षं गावात फिरकलेली नाही पण मान सोडलेला नाही. अकरा माजी अध्यक्ष. मंडळाचा सुवर्णमहोत्सव. संदेशनं मुंबईहून सगळ्यावर एकदा हात फिरवला आणि मागं मावळता सूर्य टाकला, त्यावर पिवळी अक्षरं. सूर्यही पिवळा. प्रत्येक फोटो गरगरत यायचा आणि जागेवर बसताना टाळ्या वाजायच्या. टाळ्यांचा आवाज त्यानं आतच भरला होता, हॉलातल्या लोकांवर भरवसा नको म्हणून. चाळिसाच्या वर स्लाईड झाल्या. पऱ्या गेला सदतिसाव्या नंबरावर. पाण्यातल्या माणसांचा फोटो संदेशनं काढूनच टाकला, कारण त्यात मंडळाचा एक खजिनदार उघडाबंब दिसत होता.

“भावजी, हे दहा मिनिटांत बसत नाही,” दर्शना फोनवर म्हणाली.

“आयत्या वेळी वाढवून देतात ग. आपली इतकी माणसं बघितल्यावर बंद करा म्हणायची हिंमत आहे कोणाची?”

रत्नागिरीला दोन टेम्पो भरून माणसं गेली. हॉल मारुती मंदिराच्या बाजूला, एसी लावलेला, त्यामुळे फेटेवाले खूश आणि म्हातारे गारठलेले. समोर संस्थेची चार माणसं. मधल्या बाई श्रद्धा मॅडम, त्यांच्यापुढं एक छोटी घंटा. आठ मिनिटं झाली की एकदा वाजणार, दहा झाली की दोनदा, आणि थांबायचं.

पहिल्या गावाचे मास्तर पडद्याकडे तोंड आणि समितीकडे पाठ करून उभे राहिले, आणि भाताचं क्षेत्र, आंब्याचं क्षेत्र, पडीक क्षेत्र अशी आकड्यांची अख्खी भिंत वाचत सुटले. श्रद्धा मॅडम ती केव्हाच वाचून संपवून बसल्या होत्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारा माणूस म्हणजे जेवणाऱ्याला घास भरवणारा. दर्शनाला वाटलं, चला, हे गेले. दुसरं गाव आलंच नाही, त्यांची गाडी वाटेत बंद पडली म्हणे. नुसतं नीट बोललं तरी साकव आपला.

साखरकोंडचं नाव पुकारलं. तात्या उठले आणि मागून चौघं उठले, हातात शाली आणि नारळ.

“आम्ही काही स्वीकारत नाही, काका,” श्रद्धा मॅडम म्हणाल्या. “तुम्ही सुरुवात करा.”

“ह्ये घेनं नव्हं, बाय. ह्यो मान. तुमी आमच्या दारात आलाव.”

वास्तविक गावचीच माणसं त्यांच्या दारात गेली होती. पण शाल पांघरली गेली, नारळ दिला गेला, चौघांनाही, आणि शेवटच्या साहेबांना शाल आखूड पडली म्हणून ती बदलली गेली. दर्शनानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा बघितलंच नाही.

संदेशनं माईक घेतला. “सन्माननीय, आदरणीय, गावाचे आधारस्तंभ,” आणि तात्या गरगरत आले, टाळ्या वाजल्या. “तितकेच सन्माननीय, तितकेच आदरणीय,” आणि धाकू आला. तिसरे आले. चौथे आले. श्रद्धा मॅडमनी पेन खाली ठेवलं. बाजूच्या साहेबांनी शालीच्या आडून मोबाईल काढला. पहिले दिवंगत अध्यक्ष झेंडूच्या हारासकट गरगरत आले तेव्हा मागच्या रांगेत कोणाची तरी म्हातारी सवयीनं पाया पडली.

घंटा वाजली.

संदेश थांबला नाही, वेग वाढवला. नावं एकमेकांत घुसली. दर्शना पहिल्या रांगेत उठून उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “भावजी, पुढं घ्या. पऱ्यावर या.”

“मधलं सोडू कसं? बसलेत ना ते समोर,” संदेश माईकमध्येच कुजबुजला, सगळ्या हॉलाला ऐकू गेलं. आणि खरंच ते समोर बसले होते, एकेक जण आपला फोटो यायची वाट बघत, कॉलर नीट करत.

“एक मिनिट,” श्रद्धा मॅडम म्हणाल्या. “मला एवढंच सांगा. साकव नेमका कुठं बांधायचा आहे? आणि ती जागा कोणाची?”

संदेशनं तात्यांकडे बघितलं. तात्या पडद्यावरच्या सूर्याकडे बघत होते. एवढी माणसं, एवढे फेटे, आणि कोणाच्या तोंडातून शब्द फुटेना.

“जागा ठरलेली नसेल तर आम्हाला पुढं जाता येणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “मागं एका गावात याच कारणानं काम अडकलं होतं. मग आम्हाला त्या पहिल्या गावाचा विचार करावा लागेल.”

दर्शना पुढं गेली. संदेशच्या हातातला माईक तिनं घेतला, मागितला नाही, घेतला, आणि लॅपटॉपचं एक बटण दाबून पडदा काळा केला. क्लासात ती सांगायची, लोकांनी तुमच्याकडे बघावं असं वाटत असेल तर पडदा विझवा. मागं धाकूचा आवाज आला, “लाईट गेली काय?”

“मॅडम, माझी मुलगी सहावीत जाईल. जूनमध्ये तिला मी लांज्याला भावाकडे सोडते आणि दसऱ्याला आणते. गेल्या दसऱ्याला घरी आली, हंड्यापाशी उभी राहिली आणि मला विचारलं, आई, पाणी घेऊ का. स्वतःच्या घरात.” तिनं माईक या हातातून त्या हातात घेतला. “बाकीच्या पोरांचं तेवढंही नाही. पाणी चढलं की ती घरी बसतात. आम्हाला साकव हवा तो पऱ्या जिथं अरुंद आहे तिथं. दोन्हीकडे जांभा आहे. आणि ती जागा तात्यांची आहे. ते बसलेत बघा, फेटेवाले. मघाशी मानकऱ्यांत पहिला फोटो आला तो त्यांचा.”

हॉलातल्या सगळ्या माना तात्यांकडे वळल्या.

“ह्ये बोलायची ही जागा नव्हं, सूनबाई,” तात्या म्हणाले.

“मग कुठली, तात्या? देवळात म्हणालात, घरात बघू. घरात कोणी विचारलं नाही. पालखीला पहिला खांदा तुमचा. होळीच्या झाडाला पहिला हात तुमचा. तुम्ही लावल्याशिवाय आम्ही कोणी हात लावत नाही. आता इथं लावा. नाहीतर नाही म्हणा. तोंडानं म्हणा, म्हणजे ही माणसं त्या पहिल्या गावाला तरी साकव देतील.”

तात्यांच्या मानेची शीर वर आली. ते काय बोलले असते कोण जाणे. त्याआधीच धाकू उठला.

“मॅडम, जागा आमी देतो. खालच्या अंगाला, वडाकडं. लिवून घ्या, पयला हात आमच्या भावकीचा.”

वडाकडं पऱ्या एवढा रुंद होतो की पलीकडच्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही, आणि काठाला नुसता चिखल. तिथं साकव म्हणजे समुद्रावर शिडी. हे सगळ्यांना माहीत होतं, धाकूला सगळ्यांत जास्त.

“खाली बस, धाकू,” तात्या वळले. “तुज्या जागंत म्हशी रुततात.”

“रुततात तर रुततात. मी दिली तरी. तुमी फोटो काडून बसलाव.”

“मी बसलो?”

“मग काय उबे हाव काय?”

तात्या उठले. फेटा सावरला आणि समितीच्या टेबलापर्यंत चालत गेले. “लिवा, बाय. गंगाराम गावकर. काठाचा मळा, लागंल तेवडा तुकडा. आमच्या आदी ह्या गावात कोन हात लावत नाय, आनी मी जिता हाय तवर लावनार नाय.”

“म्हणजे जागा देताय तुम्ही? लेखी द्यावं लागेल.”

“दिली म्हनून तर सांगतो. कुटं सही करू ते दाखवा. आनी ह्येला सांगा, आता तरी खाली बस.”

धाकू बसला. घंटा दोनदा वाजली.

दर्शनाला आनंद व्हायला हवा होता. तिला कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटत होतं. वाडीतल्या पोरांसाठी नाही, हंड्यापाशी उभ्या राहिलेल्या सानिकासाठी नाही, दोरीला धरून येणाऱ्या माणसांसाठी नाही. धाकूला पहिला होऊ द्यायचा नाही म्हणून साकव. तीन पावसाळ्यांपूर्वी धाकूला जरा डिवचला असता तर केव्हाच झाला असता.

जेवणानंतर श्रद्धा मॅडमनी दर्शनाला बाजूला बोलावलं. साखरकोंडला साकव मिळतोय, म्हणाल्या. जागेची पाहणी होईल, कागद होतील. मग जरा घुटमळून म्हणाल्या, “पण काम दिवाळीनंतरच सुरू होईल हं. आता पाया खणला तर पावसात राहणार नाही. आणि पुढच्या वेळी कुठं गेलात तर तुम्ही एकट्याच बोला.”

परत येताना टेम्पोत नुसता दंगा. जो तो दुसऱ्याला सांगत होता की कार्यक्रम कसा झकास झाला. संदेशनं जाहीर केलं की टाळ्यांचा आवाज घातला म्हणून वजन पडलं. चौथे मानकरी मात्र गप्प होते, त्यांचा फोटो मागच्या रांगेतून नीट दिसला नव्हता. साकवाला नाव कोणाचं द्यायचं यावर हातखंब्याचा फाटा यायच्या आधीच वाद लागला. तात्या म्हणत होते बापाचं, धाकू म्हणत होता ग्रामदेवतेचं, कारण ग्रामदेवतेच्या नावाला तात्यांना नाही म्हणता येणार नव्हतं.

तात्या दर्शनाशी बोलत नव्हते. समोर बघून, वाऱ्याला सांगितल्यासारखं म्हणाले, “बायकानी भर सभंत मानसाला नागवा करू नये.” थोड्या वेळानं त्याच वाऱ्याला म्हणाले, “फोटो जरा काळा आला. उद्घाटनाला दुसरा घाला.”

“उद्घाटनाला साठेक तरी स्लाईड करू, तात्या,” संदेश म्हणाला.

दर्शनानं तोंड फिरवलं. मागं उडणाऱ्या धुळीशी भांडता येत नाही, आणि या माणसांशी भांडून जेवढं मिळवायचं तेवढं आज मिळालं होतं.

पऱ्यापाशी उतरली तेव्हा सानिका दगडावर बसली होती. आजीनं बहुतेक दहादा पाठवली असेल बघायला. सुट्टी होती, पाय उघडे, गुडघ्याला धूळ.

“मिळाला?”

“मिळाला.”

सानिका उठली नाही. पायाखालच्या पाण्याकडे बघत तिनं विचारलं, “मग या पावसात मी घरी?”

दर्शना तिच्या शेजारच्या दगडावर टेकली. आता हेही तिनंच सांगायचं होतं, दुसरं कोण सांगणार. “नाही. दिवाळीनंतर बांधतील. हा एक पावसाळा मामाकडे काढायचा.”

“एकच?”

“एकच.”

पोरीनं अंगठ्यानं एक खडा पाण्यात ढकलला. मग म्हणाली, “मग मी सगळे कपडे नाही नेत. अर्धे इथंच ठेवते. कपाटात माझा खण रिकामा करू नको.”

“नाही करत,” दर्शना म्हणाली. “तुझ्या हातानं भरून जा.”